भुंगेऱ्यांचे नाटक

आमच्या लहानपणी श्रावण लागला की मुलांच्या खिशांत आगपेट्या दिसू लागत. त्या पेट्यांत काड्या नसत, सोनकिडे असत. हिरवीनिळी पाठ, तीवर सोन्याची झाक आणि उन्हात धरले की मोराच्या पिसासारखा पालटणारा रंग, असे ते देखणे किडे आम्ही बाभळीवरून धरून आणीत असू. पेटीला सुईने भोके पाडावयाची, आत बाभळीचा कोवळा पाला घालावयाचा आणि मधल्या सुट्टीत कोणाचा किडा अधिक चमकतो यावर वाद घालावयाचा, हा आमचा त्या दिवसांतील मोठा उद्योग असे.

एके दिवशी सकाळी मी पेटी उघडली, तो माझा सोनकिडा उताणा पडलेला. रंग तसाच, चमकही तशीच. पण पाय मात्र आखडून पोटाशी गेलेले. मला रडू कोसळले. माझी समजूत घालावी म्हणून शेजारच्या सोबत्याने तो किडा पाटीवर पालथा ठेवला आणि गवताच्या काडीने त्याला पुढे ढकलू लागला. “बघ, चालतो आहे की नाही?” तो म्हणाला. पण किडा चालत नव्हता. पाटीवरून पेन्सिलीचा तुकडा सरकावा तसा तो नुसता सरकत होता. आम्ही दोघेही क्षणभर हसलो आणि मग गप्प झालो.

चालणे आणि सरकणे यांत नेमका कोणता फरक आहे, हे त्या दिवशी आम्हां दोघांनाही सांगता आले नाही. कित्येक दिवस तो किडा माझ्या खिशात होता. त्याच्या रंगाचे मी शंभर वेळा कौतुक केले होते. पण तो पाय कसा टाकतो, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

पुष्कळ वर्षांनी मी एक जुना मूकपट पाहिला, तेव्हा मला या प्रसंगाची तीव्रतेने आठवण झाली. त्या चित्रपटातील सारी पात्रे कीटकांची होती. कोणी भुंगेरा होता, कोणी नाकतोडा होता, कोणी चतुर होता. ते दोन पायांवर उभे राहून चालत होते, भांडत होते, रुसत होते, पळत होते. आणि नवलाची गोष्ट अशी की, ते सारे कीटक मेलेले होते! माझ्या सोबत्याला जे एका सोनकिड्याच्या बाबतीत साधले नाही, ते कोणा एका मनुष्याने इतक्या कीटकांच्या बाबतीत साधले होते. हे त्याला कसे साधले, त्याचीच ही हकीकत आहे.

त्या मनुष्याचे नाव व्लादिस्लाव स्तारेविच. त्याचा जन्म १८८२ साली मॉस्को येथे एका पोलिश कुटुंबात झाला. त्याचे बालपण मात्र कोव्हनो या गावी गेले. हे गाव त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. आज त्याला काउनास म्हणतात आणि ते लिथुआनिया या देशात आहे. स्तारेविचला लहानपणापासून दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रकलेचा आणि दुसरा कीटकांचा. फुलपाखरे, भुंगेरे, चतुर गोळा करावेत, त्यांचे निरीक्षण करावे, त्यांची चित्रे काढावीत, यात त्याचा वेळ कसा जाई हे त्याचे त्यालाच कळत नसे. पुढे मोठेपणी त्याच गावच्या संग्रहालयासाठी तो निसर्गविषयक लहान लहान चित्रपट तयार करू लागला.

युरोपातील ओकवृक्षांच्या वनांत एक मोठा भुंगेरा आढळतो. त्याच्या नराचे जबडे इतके मोठे वाढतात की, ते पाहणाऱ्याला हरणाची शिंगेच वाटावीत. या ‘शिंगां’सकट मोठा नर सात-आठ सेंटीमीटरांपर्यंत भरतो. त्याची अळी जमिनीखालच्या कुजक्या लाकडात कित्येक वर्षे काढते. पूर्ण वाढ झालेला भुंगेरा मात्र उन्हाळ्याचे काही आठवडेच जगतो. या थोड्या दिवसांत मादीसाठी नरानरांत झुंज जुंपते. एक नर दुसऱ्याला जबड्यांत पकडतो, उचलतो आणि फांदीवरून खाली फेकून देतो. दोन मल्ल आखाड्यात उतरावेत, तशीच ही झुंज असते.

ही झुंज चित्रपटात टिपावी, असे स्तारेविचच्या मनाने घेतले. त्याने भुंगेरे आणले, कॅमेरा लावला आणि प्रखर दिवे पेटविले. पण इथेच सारा घोटाळा झाला. हे भुंगेरे झुंजतात ते बहुधा संध्याकाळच्या मंद प्रकाशात. दिव्यांचा झोत अंगावर येताच ते निपचित पडून राहत. त्या काळची चित्रफीत आजच्यासारखी तरल नव्हती. भरपूर प्रकाशावाचून तिच्यावर चित्र उमटत नसे. म्हणजे दिवे लावावेत तर भुंगेरे हलत नाहीत आणि दिवे विझवावेत तर चित्र उमटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, अशी त्याची स्थिती झाली.

दुसरा एखादा असता तर त्याने तो नाद सोडून दिला असता. स्तारेविचला मात्र या वेळी आगकाड्यांनी वाट दाखविली. एमिल कोल नावाच्या फ्रेंच कलावंताने १९०८ साली एक गमतीचा चित्रपट केला होता. त्यात आगकाड्या जणू सजीव होऊन आपल्या आपण हालचाल करतात. तो चित्रपट स्तारेविचच्या पाहण्यात आला आणि त्याच्या मनात विचार चमकून गेला. काडीला तर मुळीच जीव नसतो. ती जर पडद्यावर नाचू शकते, तर मेलेला भुंगेरा का झुंजू नये?

मुलांनो, काड्या नाचविण्याची ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. चित्रपटात चित्र हलते असे आपण म्हणतो. पण खरे पाहता फितीवरचे एकही चित्र हलत नसते. तिच्यावर एकापुढे एक अशी असंख्य स्थिर चित्रे असतात. प्रत्येक चित्र मागच्याहून किंचित वेगळे असते. ती चित्रे एकामागून एक झरझर डोळ्यांपुढून गेली की, आपले मन मधले अंतर स्वतःच भरून काढते आणि आपल्याला सलग हालचाल दिसते. वहीच्या पानांच्या कोपऱ्यांवर चेंडूची चित्रे काढून ती पाने तुम्ही अंगठ्याने भराभर सोडून पाहिली असतील. तो चेंडू जसा उडतो, तसेच हे आहे. म्हणून काडी एका जागी ठेवून तिचे एक चित्र घ्यावयाचे. मग ती केसभर सरकवून दुसरे चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवून तिसरे. सरकविणारा हात चित्रात कधीच येत नाही. पाहणाऱ्याला वाटते की, काडीच चालली आहे.

स्तारेविचने हीच युक्ती भुंगेऱ्यांवर चालविली. मेलेल्या भुंगेऱ्याचे वाळलेले पाय वाकवू गेल्यास मोडतात. म्हणून त्याने ते काढून त्यांच्या जागी बारीक तारा घातल्या आणि त्या लाखेने अंगाला चिकटविल्या. आता तो पाय हवा तसा वळविता येई आणि वळविला तिथेच थांबे. अशा रीतीने त्याने दोन भुंगेरे एकमेकांसमोर उभे केले आणि एकेक चित्र घेत त्यांची झुंज लावली. १९१० साली हा चित्रपट तयार झाला. जिवंत भुंगेऱ्यांनी जे दाखविण्याचे नाकारले, ते मेलेल्या भुंगेऱ्यांनी जगाला दाखविले.

या यशाने स्तारेविचला हुरूप आला. तो मॉस्कोला गेला आणि तेथे अलेक्झांडर खानझोन्कोव्ह या चित्रपटनिर्मात्याच्या पदरी काम करू लागला. आता नुसती झुंज दाखवून त्याचे समाधान होईना. या चिमुकल्या नटांकडून आपण नाटकच का करवून घेऊ नये, असे त्याला वाटू लागले. त्यातूनच १९१२ साली त्याचा सुप्रसिद्ध विनोदी चित्रपट जन्माला आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘कॅमेरावाल्याचा सूड’ असा आहे. तो अवघा बारा-तेरा मिनिटांचा आहे.

त्याची कथा अशी आहे. एक होते भुंगेरेराव आणि एक होत्या भुंगेरेबाई. घर चांगले खाऊनपिऊन सुखी. परंतु दोघांनाही घरात करमत नसे. भुंगेरेराव कामाच्या निमित्ताने वरचेवर शहरात जात. काम हे केवळ निमित्त. शहरात एका नृत्यगृहात चतुर जातीची एक नर्तिका नाचत असे. तिचे नृत्य पाहण्यात आणि तिची मर्जी संपादन करण्यात त्यांचे सारे चित्त गुंतलेले असे. तिथेच त्यांची गाठ एका नाकतोड्याशी पडली. दोघांत बाचाबाची झाली आणि अंगाने धिप्पाड असलेल्या भुंगेरेरावांनी नाकतोड्याला धक्का देऊन बाजूला सारले. बिचारा नाकतोडा मुकाट्याने उठला. पण त्याचा धंदा कोणता होता, याची भुंगेरेरावांना कल्पना नव्हती. तो होता चित्रपट घेणारा कॅमेरावाला! त्याने आपला कॅमेरा उचलला, भुंगेरेरावांचा पाठलाग केला आणि त्यांचे सारे चाळे गुपचूप फितीवर टिपून ठेवले.

इकडे घरी भुंगेरेबाईही काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांच्याकडे एक चित्रकार पतीच्या नकळत येत असे. एके दिवशी तो आलेला असतानाच भुंगेरेराव अवचित दारात हजर झाले. चित्रकाराची पाचावर धारण बसली आणि तो धुराड्याची वाट धरून पळाला. भुंगेरेरावांचा क्रोध काय वर्णावा! त्यांनी घरात असा काही आकांत मांडला की, जणू या जगात नेकीने वागणारे एकटे तेच. शेवटी मोठ्या उदारपणाचा आव आणून त्यांनी पत्नीला क्षमा केली आणि समेट म्हणून तिला चित्रपट पाहावयास नेले.

चित्रपट सुरू झाला आणि भुंगेरेराव जागच्या जागी थिजले. पडद्यावर स्वतः तेच होते! ते नृत्यगृह, ती नर्तिका, ते सारे चाळे. कारण त्या दिवशी चित्रपट दाखविणारा दुसरा तिसरा कोणी नसून तो नाकतोडाच होता. भर सभेत भुंगेरेबाई पतीला बदडू लागल्या. भुंगेरेराव पडदा फाडून पार झाले आणि चित्रपट दाखविणाऱ्यावर तुटून पडले. त्या झटापटीत यंत्राच्या खोलीला आग लागली. शेवटच्या दृश्यात पतिपत्नी दोघेही तुरुंगात बसलेली आपल्याला दिसतात. आता कोणी कोणावर रागवावे, असा प्रश्नच उरलेला नाही.

हे पाहताना आपल्याला हसू आवरत नाही. पण आपण कशाला हसतो याचा थोडा विचार करा. भुंगेरेरावांची चूक झाली, एवढ्याने आपण हसत नाही. चुका कोणाच्या हातून होत नाहीत? दुसऱ्याला क्षमा करताना ते जो मोठेपणाचा आव आणतात, त्याचे आपल्याला हसू येते. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही,’ ही आपली म्हण या चित्रपटात जणू चालतीबोलती झाली आहे. फरक एवढाच की, येथे नाकतोड्याने ते मुसळ चांगले पडद्यावर मोठे करून दाखविले आहे! माणसाने माणसाची अशी थट्टा केली असती तर ती कदाचित कोणाला झोंबली असती. भुंगेऱ्यांवर आपण मोकळ्या मनाने हसतो आणि हसता हसता ध्यानात येते की, हे भुंगेरे आपल्याच ओळखीचे आहेत.

आता या विनोदामागे किती श्रम होते तेही पाहा. त्या मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे दाखवीत. म्हणजे एका मिनिटाला ९६० आणि बारा मिनिटांना ११,५२०. मधून मधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या त्यांतून वगळल्या, तरीही हजारो चित्रे उरतात. त्यांतील प्रत्येक चित्रासाठी स्तारेविचला कीटकांचे पाय, मिशा, पंख नखभर हलवावे लागले असतील. एकाच दृश्यात चार कीटक असतील, तर चौघांनाही. मध्येच एखादा पाय तुटला किंवा एखादा कीटक धक्क्याने कलंडला, तर मागच्या चित्राशी पुढचे जुळणार कसे? एवढे सारे सांभाळून तो दिवसेंदिवस त्या छोट्याशा रंगभूमीवर वाकून बसला असेल आणि इतक्या श्रमांनंतर प्रेक्षकांना मिळाली ती बारा मिनिटांची करमणूक.

त्या काळी स्तारेविचचे कीटकपट पाहून अनेकांना वाटले की, हे जिवंत कीटक असून कोणीतरी त्यांना शिकवून तयार केले आहे. स्तारेविचच्या कलेला याहून मोठी पावती कोणती मिळणार? परंतु एक शंका तुमच्याही मनात आली असेल. मेलेले कीटक जिवंत म्हणून दाखविणे, ही लबाडी नव्हे काय? कथेतल्या भुंगेरेरावांनी पत्नीला फसविले. मग स्तारेविचने आपल्याला फसविले असे का म्हणू नये?

याचे उत्तर मला असे वाटते. भुंगेरेरावांनी जे होते ते लपविले. स्तारेविचने जे कॅमेऱ्याला दिसत नव्हते ते दाखविले. भुंगेरे खरोखरच झुंजतात आणि ते कसे झुंजतात हे त्याला पक्के ठाऊक होते. कीटकांच्या सहवासात त्याने जी वर्षे घालविली, तीच या चित्रपटांच्या उपयोगी पडली. म्हणूनच त्याचे कीटक दोन पायांवर उभे राहून माणसांसारखे वागत असले, तरी त्यांच्यातले कीटकपण नाहीसे होत नाही. तार आणि लाख कोणालाही विकत मिळेल. पण पाहिलेले विकत मिळत नाही. ज्याने जिवंत कीटक मन लावून पाहिला, त्यालाच मेलेल्या कीटकाकडून चालण्याचा अभिनय करून घेता येतो.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही एक मनुष्य अशाच नादाने झपाटलेला होता. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांना आपण दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांना दाखविण्यात आला, हे तुम्ही वाचले असेल. पण त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा चित्रपट केला होता. त्यात नायक नव्हता, नायिका नव्हती. होता केवळ एक वाटाणा. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची त्यांनी दिवसामागून दिवस चित्रे घेतली. ती पडद्यावर झरझर दाखविताच अंकुर फुटला, वाढला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा चित्रपट केला. त्यात आगकाड्यांकडून त्यांनी नाना आकार करून घेतले. फ्रान्समध्ये कोल, रशियात स्तारेविच आणि महाराष्ट्रात फाळके! एकमेकांपासून हजारो कोसांवर बसून हे तिघे एकाच युक्तीशी खेळत होते. स्तारेविचने जे हलत नव्हते ते हलविले आणि फाळक्यांनी जे हलत असूनही आपल्याला दिसत नव्हते ते दाखविले. दोघांचेही भांडवल एकच, ते म्हणजे पाहण्याची चिकाटी.

स्तारेविचचे पुढील आयुष्य सोपे नव्हते. १९१७ साली रशियात राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीत त्याने देश सोडला आणि तो फ्रान्समध्ये पॅरिसजवळ जाऊन राहिला. परका देश, परकी भाषा. पण त्याच्या नटांना भाषा लागतच नव्हती. तेथे त्याने बेडूक, कोल्हे, सिंह यांच्या बाहुल्या तयार केल्या आणि आपल्या मुलीच्या साहाय्याने नवे चित्रपट घडविले. एका धूर्त कोल्ह्याच्या कथेवर त्याने केलेला मोठा चित्रपट १९३७ साली बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला. १९६५ साली तो वारला. त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. पण त्याचे भुंगेरे अजून भांडत आहेत आणि पाहणारे अजून हसत आहेत.

खऱ्या वनातील त्या शिंगवाल्या भुंगेऱ्यांची गोष्ट मात्र तितकी आनंदाची नाही. युरोपात अनेक ठिकाणी त्यांची संख्या घटली आहे. जुनी झाडे आणि कुजकी खोडे माणसाने निरुपयोगी म्हणून हलविली आणि त्यांच्या अळ्यांचे घर गेले. आपण ज्याला केरकचरा समजतो, तो दुसऱ्या कोणाचा तरी वाडा असतो, हे नीट पाहणाऱ्यालाच कळते.

पुढे मी शिक्षक झालो. एका श्रावणात माझ्या वर्गातील एका मुलाच्या खिशात मला आगपेटी सापडली. मुलगा घाबरला. मी पेटी उघडली, आतला सोनकिडा पाटीवर सोडला आणि सर्वांना भोवती बोलावले. “हा पाय कसा टाकतो ते मला सांगा,” मी म्हणालो. चाळीस डोकी पाटीवर वाकली. पुष्कळ वेळाने मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तो सहा पाय एकदम उचलत नाही. तीन उचलतो आणि तीन टेकवून ठेवतो.” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. एका बाजूचा पहिला व तिसरा आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय कीटक पुढे टाकतो. तेवढ्या वेळात उरलेले तीन तिवईसारखे त्याला तोलून धरतात. मग त्या तिघांची पाळी येते.

माझ्या बालपणीच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने मला दिले. माझ्या सोबत्याने मेलेल्या किड्याचे सहाही पाय एकदम पुढे ढकलले होते. म्हणून तो किडा सरकला, चालला नाही.

तेवढ्यात सोनकिड्याने पाठीवरची हिरवी झाकणे उघडली, पंख पसरले आणि तो खिडकीतून उडून गेला. पेटीचा मालक क्षणभर हिरमुसला. पण मग त्याने पाटी पुढे ओढली आणि त्या किड्याचे सहा पाय तो आठवून आठवून काढू लागला.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) लेखकाच्या सोबत्याने मेलेला सोनकिडा पाटीवर का ठेवला?
(आ) भुंगेऱ्यांची झुंज टिपताना स्तारेविचपुढे कोणती अडचण उभी राहिली?
(इ) आगकाड्यांच्या चित्रपटावरून त्याला कोणती कल्पना सुचली?
(ई) भुंगेरेराव पडदा फाडून पार का झाले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहा.
(अ) ‘मेलेले कीटक जिवंत म्हणून दाखविणे, ही लबाडी नव्हे काय?’ या शंकेला लेखकाने दिलेले उत्तर तुम्हांला पटते काय? कारणे द्या.
(आ) स्तारेविच आणि दादासाहेब फाळके यांच्या प्रयोगांत साम्य कोणते आणि भेद कोणता?
(इ) पाठाच्या शेवटी सोनकिडा उडून गेला, तरी मुलाला काय मिळाले?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
रडू कोसळणे, पाचावर धारण बसणे, आव आणणे, हुरूप येणे, इकडे आड, तिकडे विहीर.

४. उपक्रम : घरातील किंवा अंगणातील एखादी मुंगी, कोळी किंवा भुंगेरा त्याला न पकडता व न दुखविता दहा मिनिटे पाहा. तुम्हांला पूर्वी ठाऊक नसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा.